ट्रिपला गेल्यावर मूल आजारी पडलं तर हॉटेलवाल्यांना सांगता का खोलीतच निभावून नेता?

तांबडी_जास्वंद | २२ डिसेंबर, दुपारी ३:४०

नाताळच्या सुट्ट्या लागतायत, बरेच जण बॅगा भरत असतील म्हणून आत्ताच धागा काढतेय.

दिवाळीनंतर आम्ही तारकर्लीला गेलो होतो. आम्ही दोघं, मोठा सात वर्षांचा आणि धाकटी साडेतीनची. पहिला दिवस मस्त गेला, समुद्र, वाळूचे किल्ले, संध्याकाळी मालवणात जेवण. रात्री दीडला धाकटी झोपेतच उलटी करत उठली. गादी, उशी, तिचा फ्रॉक, माझी ओढणी, सगळं भरलं. वीस मिनिटांनी परत, मग जुलाब सुरू.

आता खरं खरं लिहिते. मी पहिल्यांदा काय केलं तर चादर काढून बाथरूममधे धुवायला बसले. रात्री दोन वाजता. डोक्यात एकच, गादी खराब झाली, हॉटेलवाले काय म्हणतील, पैसे लावतील, शेजारच्या खोलीतले उठतील. नवऱ्याला म्हणलं मोठा लाइट पण लावू नकोस. लेक तिकडे गळून पडलीये आणि मी इकडे चादर चोळतेय. तीनला तिने पाणी मागितलं, ग्लासभर दिलं, गटागटा प्यायली आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. तेव्हा मात्र नवरा उठला आणि सरळ खाली जाऊन रिसेप्शनवर झोपलेल्या मुलाला जागं केलं.

दहा मिनिटांत तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी वर आल्या, हातात दोन कोरड्या चादरी, एक बादली आणि जुनी मऊ साडी. गादीकडे बघितलं सुद्धा नाही, आधी लेकीच्या कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "भियां नको गे बाय, पोरांका असां होता." मला तिथेच रडू आलं.

ओआरएसची मोठी पुडी बरोबर होती, पण घाईत मी अर्धी पुडी ग्लासात टाकायला निघाले होते, नवऱ्याने मागची सूचना वाचून हात धरला. सीलबंद एक लिटरची बाटली उघडून तिच्यात अख्खी पुडी ओतली. मग मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचा टायमर आणि चहाचा चमचा. ती प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटून घ्यायची, मी चमचा खालच्या ओठाला नुसता टेकवून थांबायचे, मग जिभेचं टोक हळूच बाहेर यायचं. असं उजाडेपर्यंत. बाहेर कावळे ओरडायला लागले तेव्हा पाव बाटली पोटात गेलेली आणि शेवटच्या उलटीला दीड तास झालेला.

सकाळी मावशींनी उकड्या तांदळाची पेज आणली, वर मिठाचे चार दाणे. ती तिने मागून मागून खाल्ली. डॉक्टरांना दाखवलं मालवणात, त्यांनी झिंक दिलं १४ दिवसांसाठी आणि अँटिबायोटिकची गरज नाही म्हणाले. गादीचे पैसे कोणी मागितले नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ते दीड ते तीन हे दीड तास मी फुकट घालवले, लपवण्यात. तुम्ही काय करता? सांगता का? आणि बरोबर काय ठेवता?

बाबा_दोघांचा | २२ डिसेंबर, दुपारी ४:२५

ताई, वाचताना पोटात कालवलं. पण दुसरी बाजू पण लिहितो. आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी मोठ्या रिसॉर्टला होतो, मुलाच्या अंगावर पुरळ आणि ताप, आम्ही प्रामाणिकपणे रिसेप्शनला सांगितलं तर मॅनेजर म्हणे इतर गेस्ट आहेत, तुम्ही उद्या सकाळी रूम सोडा. डॉक्टर बोलवा म्हणलं तर ते आमच्यात बसत नाही. चादर बदलायचे वेगळे पैसे बिलात. तेव्हापासून आमची ही कुठे काही सांगायला तयारच नसते. त्यामुळे तुमच्या त्या मावशी सगळीकडे भेटतील असं नाही.

खारी_बटर | २२ डिसेंबर, दुपारी ४:५१

+१ जास्वंद. मी पण एकदा गादीवर टॉवेल पसरून वर मुलाला झोपवून सकाळी काहीच झालं नाही असं दाखवत चेकआउट केलेलं. आजही त्या खोलीत आमच्यानंतर आलेल्यांचा विचार येतो.

चावीवाला | २२ डिसेंबर, रात्री ९:०५

मी ११ वर्षं गोव्यात हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे म्हणून आतली बाजू सांगतो.

बाबा, तुमच्याशी वागले ते चूकच. पण एका मॅनेजरमुळे सगळ्यांपासून लपवू नका, कारण लपवल्याने नुकसान तुमचंच होतं. चांगल्या हॉटेलात गादीवर प्रोटेक्टर असतो, ओली झालेली चादर आणि उशी बदलणं आमच्यासाठी रोजचं काम आहे. रात्री फक्त एक फोन करा, "मुलाला उलट्या होतायत, चादरी, टॉवेल, एक रिकामी बादली आणि दोन-तीन कचऱ्याच्या पिशव्या पाठवा". एवढं म्हणलं की आमच्याकडे पुढची चक्रं फिरतात. दुसऱ्या दिवशी ती खोली नीट धुवून, पुसून, मगच दुसऱ्याला देतात. तुम्ही सांगितलं नाहीत तर नेहमीची झाडपूस होते आणि दुपारी दुसऱ्याचं बाळ त्याच गादीवर.

डॉक्टर ऑन कॉल बऱ्याच हॉटेलांकडे असतात पण ते हॉटेलचे नोकर नसतात, गावातले डॉक्टर असतात, फी त्यांची वेगळी. फोनवरच विचारून घ्या किती घेणार आणि लहान मुलांचे आहेत का. नसतील तर रिसेप्शनला विचारा, "तुमच्या घरी मूल आजारी पडलं तर तुम्ही कुणाकडे नेता?" हा प्रश्न माझा आवडता आहे. गूगलवर न दिसणारा डॉक्टर यातून मिळतो, आणि रात्री उघडं असणारं मेडिकल कुठलं ते पण.

किचन बंद व्हायच्या आधी सांगा. मेन्यूत खिचडी नसली तरी डाळ-तांदूळ सगळीकडे असतात. आमचा शेफ मिरची-गरम मसाला न घालता मऊभात करून फ्लास्कमधे भरून देतो, फक्त दहा-साडेदहाच्या आत कळायला हवं.

आणि हो, ज्या बाईने किंवा मुलाने ती खोली साफ केली त्याच्या हातात काहीतरी ठेवा. रिसेप्शनला नाही, त्याच्या हातात.

तांबडी_जास्वंद | २२ डिसेंबर, रात्री ९:३०

चावीवाला, फार उपयोगी. तो "तुमच्या घरी मूल आजारी पडलं तर" वाला प्रश्न मी लिहून ठेवलाय.

गोळीसाखर | २३ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सुट्ट्यांमधे मला रोज रात्री पाच-सहा फोन हॉटेलांमधून येतात, त्यामुळे हा विषय अगदी जवळचा.

जास्वंद, तुमचा चमचा एकदम बरोबर. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याने, घाई न करता. तहानेलं मूल ग्लास मागतं आणि आपल्याला पण वाटतं पिऊ दे, पण पोट ताणलं की परत उलटी. १९७१ मधे पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममधे कालवून पाजायला लावलं. पाजत कोण होतं, तर रुग्णांचे नातेवाईकच. तुम्ही त्या रात्री तेच केलंत.

पुडी अख्खी आणि पाणी पुडीवर लिहिलंय तेवढंच. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलीला. कमी पाण्यात घट्ट केलं तर जुलाब वाढतात आणि मीठ जास्त होऊन मुलाला धोका. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, हॉटेलच्या टी-ट्रेमधून आणि किचनमधून दोन्ही मिळतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर कितीतरी जास्त असते. ऑक्टोबर २०२५ मधे एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) अशा पेयांच्या लेबलवर ओआरएस शब्द वापरायला बंदी केली ती म्हणूनच. पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का बघून घ्या.

आता तापाचं औषध, कारण सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात. पॅरासिटामॉलच्या बाटल्या एकाच नावाने वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. ५ मिलीमधे १२० किंवा १२५ मिग्रॅवाली आणि ५ मिलीमधे २५० वाली, आणि बाळांचे ड्रॉप्स तर एका मिलीमधेच १०० मिग्रॅ. घरी २५० वाली देता, प्रवासात गावातल्या दुकानातून १२५ वाली आणता आणि तेवढेच मिली देता, मग ताप उतरत नाही म्हणून रात्री फोन. उलटं झालं तर त्याहून वाईट. डोस वजनावर असतो, किलोमागे १५ मिग्रॅ, दोन डोसमधे सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. निघायच्या आधी मुलाचं वजन करून कागदावर लिहा, तुमच्या डॉक्टरांकडून त्याच्यापुढे मिली लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला रबरबँडने बांधा. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळीचा तुकडा तर कधीच नाही.

खोकल्याच्या औषधाबद्दल, बॅगेत टाकूच नका. दोन वर्षांखाली द्यायची नाहीत आणि पाचच्या खाली शक्यतो टाळायची, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मधेच काढली आहे.

थांबायचं कधी नाही ते सांगते. सहा-आठ तास सू नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मूल हाक मारूनही नीट जागं होत नाही, श्वास जोरजोरात, उलटी हिरवी किंवा शीमधे रक्त, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके. यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन.

खारी_बटर | २३ डिसेंबर, सकाळी ८:०२

डॉक्टर, रबरबँडची आयडिया आत्ताच केली. आमच्या घरात खरंच दोन्ही ताकदीच्या बाटल्या निघाल्या!

निळी_छत्री | २३ डिसेंबर, सकाळी ११:४५

माथेरानचा अनुभव. मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची. दुपारपासून अंग गरम होतं, आम्हाला वाटलं उन्हात फिरली. संध्याकाळी सहाला पलंगावर बसल्या बसल्या तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ, मग झटके. तापातली आकडी हा शब्द मी तोपर्यंत नुसता ऐकलेला. सासूबाई चमचा घेऊन आल्या दातात घालायला. देवाच्या कृपेने शेजारच्या खोलीतल्या एक नर्सबाई माझी किंकाळी ऐकून धावत आल्या, त्यांनी चमचा बाजूला केला, तिला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण काढलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या घड्याळ बघा. फक्त घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर धावायचं. दोन मिनिटांत थांबलं. ती दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

माथेरानला गाड्या दस्तुरीच्या वाहनतळाच्या पुढे येत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ अशा वेळी कळतो. हॉटेलवाल्यांनीच फोन करून अँब्युलन्स मागवली, ती आत येऊ शकते. नगरपरिषदेच्या दवाखान्यात तपासलं, मग खाली नेलं. मी खोलीचं दार बंद करून बसले असते तर त्या बाईंना कळलंच नसतं. म्हणून जास्वंदला शंभर टक्के अनुमोदन, दार उघडा आणि ओरडा.

गोळीसाखर | २३ डिसेंबर, दुपारी १:१०

निळी_छत्री, त्या नर्सबाईंनी सगळं बरोबर केलं. तोंडात काही घालायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, दाबून धरायचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत अशी आकडी येऊ शकते आणि बहुतेकांना पुढे काही त्रास राहत नाही. पण पहिल्यांदा आली तर लगेच डॉक्टर बघायलाच हवेत.

ऱ्हाईनकाठ | २३ डिसेंबर, दुपारी ४:३३

जर्मनीतून. इकडे रविवारी सगळी औषधाची दुकानं बंद, फक्त पाळीने एखादं उघडं असतं, त्याचं नाव बाकीच्या दुकानांच्या दारावर लावलेलं असतं. आम्ही श्वार्झवाल्डला (ब्लॅक फॉरेस्ट) हॉटेलात असताना शनिवारी रात्री लेकाला ताप. मालकीणबाईंनीच ११६११७ नंबर दिला. तातडीची पण जीवावरची नाही अशी तक्रार असेल तर हा नंबर, जीवावरची असेल तर ११२. इकडे मुलांना तापासाठी गुदद्वारातून द्यायची पॅरासिटामॉल सर्रास देतात. आई भारतातून फोनवर म्हणे असलं काय देता, पण उलट्या होणाऱ्या मुलाच्या पोटात औषध ठरत नाही तेव्हा तेच कामाला येतं. भारतात पण मिळते, थंड जागी ठेवावी लागते.

घाटमाथा_२१ | २४ डिसेंबर, रात्री १०:२०

लेहला विमानाने उतरणाऱ्यांसाठी एक. ३५०० मीटर उंचीवर विरळ हवेचा त्रास होतो. लहान मूल डोकं दुखतंय असं सांगत नाही, किरकिर करतं, खात नाही, उलटी करतं, आपल्याला वाटतं विमानातलं सँडविच बाधलं. पहिले दोन दिवस हॉटेलातच लोळा, आणि त्रास वाढला तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरा.

वाईची_लेक | २८ डिसेंबर, रात्री ११:४८

कोणी जागं आहे का? आत्ता महाबळेश्वरला आहोत. मुलगा पाच वर्षांचा, ताप १०२.४, नऊपासून दोन उलट्या. जुलाब नाही. नवरा म्हणतोय आत्ताच गाडी काढू आणि पुण्याला आपल्या डॉक्टरांकडे जाऊ. बाहेर इतकं धुकं आहे की समोरचा गेट दिसत नाहीये. मला काही सुचत नाहीये. हॉटेलला अजून सांगितलेलं नाही.

तांबडी_जास्वंद | २८ डिसेंबर, रात्री ११:५२

मी आहे. आधी रिसेप्शनला फोन करा. आत्ता. मग इथे या. घाटात उलट्या करणाऱ्या मुलाला गाडीत अंधारात कसं बघणार तुम्ही?

गोळीसाखर | २८ डिसेंबर, रात्री ११:५५

मी पण आहे. घाबरू नका आणि उत्तरं द्या. वजन किती? शेवटची सू कधी? हाक मारली की डोळे उघडून बोलतोय का? हनुवटी छातीला टेकवता येते का? श्वास कसा? पुरळ? आणि औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करा.

वाईची_लेक | २९ डिसेंबर, रात्री १२:०३

वजन १७. सू संध्याकाळी सातला. बोलतोय, चिडचिड करतोय, मोबाइल मागतोय. हनुवटी टेकते. पुरळ नाही, श्वास नेहमीसारखा वाटतोय. बाटलीवर ५ मिलीमधे २५० मिग्रॅ. रिसेप्शनला सांगितलं, एक दादा बादली आणि चादरी घेऊन आलेत.

गोळीसाखर | २९ डिसेंबर, रात्री १२:०७

मोबाइल मागतोय हे ऐकून बरं वाटलं. १७ किलोला ५ मिली. शेवटच्या उलटीला पंधरा मिनिटं होऊन गेली असतील तर द्या, वेळ लिहून ठेवा. स्वेटर आणि दुलई काढा, पातळ कपडे, बर्फाच्या पट्ट्या नकोत, साधं कोमट पाणी हवं तर. अर्ध्या तासाने ओआरएस चमच्याने. आत्ता एवढ्यावरून रात्री घाट उतरायची गरज दिसत नाही, पण मी त्याला बघितलेलं नाही, म्हणून मी वर २३ तारखेला लिहिलेल्यातलं काहीही दिसलं तर थेट गावातलं ग्रामीण रुग्णालय किंवा १०८. सकाळी डॉक्टरांना दाखवायचंच.

चावीवाला | २९ डिसेंबर, रात्री १२:१५

त्या दादांना विचारा त्यांच्या घरची मुलं कुणाकडे नेतात. आणि गाडी गेटच्या तोंडाशी लावून घ्या, पुढे दुसऱ्यांच्या गाड्या नकोत, रात्री निघायची वेळ आलीच तर.

वाईची_लेक | २९ डिसेंबर, रात्री १:३१

ताप १००.८. चमचा चालू आहे, तांबडी_जास्वंद तुमच्यासारखाच टायमर लावलाय. दादांनी पाचगणीच्या डॉक्टरांचा नंबर दिला, त्यांच्या पुतणीला तिकडेच नेतात म्हणे. नवऱ्याने गाडी गेटजवळ लावली आणि आता तो पण शांत झालाय. थर्मासमधे गरम पाणी देऊन गेले.

तांबडी_जास्वंद | २९ डिसेंबर, रात्री १:३४

मी झोपत नाहीये. लिहीत राहा.

वाईची_लेक | २९ डिसेंबर, पहाटे ४:१८

सू झाली!! भरपूर. उलटी नाही बारानंतर.

खारी_बटर | २९ डिसेंबर, सकाळी ६:४०

उठल्या उठल्या हाच धागा उघडला. कसा आहे आता?

वाईची_लेक | २९ डिसेंबर, दुपारी १२:५०

पाचगणीला दाखवून आलो. घसा लाल आहे, व्हायरल म्हणाले, कानही बघितले, अँटिबायोटिक नाही. दोन दिवस ताप येईल म्हणून सांगितलंय. चेकआउट दहाचं होतं, मॅनेजरने मागायच्या आधीच सांगितलं की चारपर्यंत राहा, धुकं उतरलं की निघा. रात्रीच्या दादांची ड्यूटी सकाळी आठला संपली होती पण आम्ही परत येईपर्यंत थांबले होते, मऊभात करवून ठेवला होता. मुलाने सहा घास खाल्ले, सातवा दादांनी भरवला. आता झोपलाय, नवराही त्याच्या शेजारी बुटांसकट झोपलाय.